वाहक म्हणजे कंडक्टर नव्हे, मौसाजी!

आमच्या भिलाईतल्या गोतावळ्यात बायोटेक्नॉलॉजी शिकलेली मी एकटीच. एका लॅबमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायला आलेल्यांना समजावून सांगणं हे माझं काम. बाहेरच्यांना पटकन समजतं. घरच्यांना समजवायला बसले, की आनुवंशिकता राहते बाजूला आणि किस्सा तयार होतो! गेल्या हिवाळ्यात एका लग्नापायी तर इतके किस्से साचले, की आता सांगून टाकलेलेच बरे.

लग्न माझ्या मावसबहिणीचं, प्राजक्ताचं. तिची तपासणी मीच करवली होती. रिपोर्ट आला तशी मी तिच्या वडिलांना म्हणाले, "मौसाजी, प्राजक्ता वाहक आहे."

मौसाजींचं बालपण भंडाऱ्याकडचं. तिथल्या बसमध्ये वाहक म्हणजे तिकीट फाडणारा. ते उखडलेच. "माही पोट्टी बँकेत हाय, बसमधी नाई!"

मग मी म्हणाले, "कॅरियर हो, कॅरियर!"

आतून मावशी कौतुकानं ओरडली, "कॅरियर तं चांगलंच हाय तिचं! प्रमोशन येऊन राहिलं!"

* * *

शेवटी सोपं करून सांगितलं. प्राजक्ता ठणठणीत आहे. तिच्या जनुकांच्या एका जोडीत एक बरं आणि एक सदोष आहे, इतकंच. पण नवराही तसाच निघाला, तर बाळाला दोन्हीकडून सदोषच मिळू शकतं, आणि मग आजार. म्हणून साखरपुड्याआधी नवऱ्या मुलाची, कोहक्याच्या निखिलची, तपासणी हवी. प्राजक्ताला निखिल मनापासून आवडला होता. तरी तिनं बजावलं, "तपासणी नाही, तर लग्न नाही."

"नाडी जुळली न पत्रिकेत!" मौसाजी म्हणाले. "आता अजून कोणती नस पाहाची हाय?"

"दोघंही वाहक असले, तर चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता असते, मौसाजी!"

"मंग झालं! आजकाल चौथ्यापर्यंत जाते कोण?"

प्रत्येक बाळाच्या वेळी शक्यता तेवढीच असते, पहिल्याच्या वेळीही, हे सांगेपर्यंत ते गाडीला किक मारून पसार!

* * *

माझे मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दुर्गच्या घराच्या वाटणीसाठी ते कोर्टात चकरा मारतात. त्यांना मी पेशीविभाजन समजावत होते. एका पेशीच्या दोन होतात, आणि दोघींनाही गुणसूत्रांचा पूर्ण संच मिळतो.

"एकाचे दोन झाले अन् दोघांलेही पूर्ण?"

"हो! आधी नक्कल तयार होते, मग वाटणी."

मोठ्या बाबांनी कोर्टाची फाइल पुढे ओढली. "मंग आमचा वकील काय करून राहिला?"

* * *

हे ऐकत मोठी आई पोळ्या लाटत होती. तिला तीन मुली. त्यावरून मोठ्या बाबांचे टोमणे तिनं जन्मभर ऐकले. मी सहज बोलून गेले, "आईकडून नेहमी एक्सच जातो. मुलगा व्हायला वाय लागतो, तो बापाकडूनच येतो."

लाटणं थांबलं. "पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. त्या दिवशी पंगतीत सगळे जावई बसलेले असताना मोठी आई म्हणाली, "इतके वर्षं मले बोलून राहिले! वाय तं तुमच्याच खिशात होता. काढला कावून नाई?"

मोठे बाबा म्हणाले, "वरण वाढ."

* * *

आता निखिलचे वडील. स्टील प्लांटच्या लॅबमधून रिटायर झालेले. वितळलेल्या पोलादाच्या एका खेपेला तिथे 'हीट' म्हणतात. हीटमागून हीट तपासण्यात त्यांची उमर गेली. बैठकीत ते कडाडले, "आमच्या खानदानात असलं काई नाई! तपासाचं काम नाई. अन् वाहक पोरगी माह्या घरात राहू शकत नाई!"

निखिल मान खाली घालून बसलेला. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तोच मावशीनं चिमटा काढला. प्राजक्तानं चहाचा ट्रे शांतपणे खाली ठेवला.

"काका, सॅम्पल न तपासता एक तरी हीट पुढं सोडली का तुमी?"

काकांचं बिस्किट चहात पडलं. निखिल उठला आणि शर्टाची बाही वर करत माझ्यापुढे येऊन बसला. "घे रक्त. आत्ताच घे."

"इथे नाही, लॅबमध्ये!" मी म्हणाले.

काका आणखी चिडले. "चला! मी येतो, तुही आई येते. सगळे तपासू! होऊन जाऊ दे एकदाचं!"

तिघांनी रक्त दिलं. रिपोर्ट आले तसे दोन्ही घरचे लॅबमध्ये गोळा झाले. मी आधी निखिलचा सांगितला. त्याच्यात दोष नाही, म्हणजे बाळाला आजाराची भीती नाही. प्राजक्तानं निखिलला टाळी दिली. मावशी तर रडायलाच लागली. निखिलच्या आईचा, म्हणजे काकूंचाही रिपोर्ट स्वच्छ.

"पाहा! म्हटलं होतं न मी? आमचं खानदान!" काका छाती काढून म्हणाले. "अन् माहा?"

"काका, तुम्ही वाहक आहात."

काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मंग तुमी आता कुठं राहाले जाता जी?"