कुणालाच वाचता येऊ नये असं नाव

नेकनूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आबांनी माझी बॅग स्वतः आत चढवून दिली. माझ्या बापानं जन्मात कधी माझं ओझं उचललं नव्हतं, म्हणून मला उगाच भरून आलं. मग ते खाली उतरले, खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती तितं कुटं दिसली, तर वळख दाखवू नको."

ती म्हणजे माझी थोरली बहीण, शेवंता. मी तिला अक्का म्हणायचो. वर्षभरापूर्वी ती गावातल्याच, पण दुसऱ्या जातीतल्या एका टेम्पोवाल्याबरोबर पुण्याकडं निघून गेली होती आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं बंद झालं होतं. मी आबांसमोर मान डोलावली. माय त्यांच्या मागं उभी होती, डावा हात पदराखाली घेऊन. पोचलास की फोन कर, एवढंच ती म्हणाली. गाडी निघाली तरी तो हात काही तिनं बाहेर काढला नाही, उजव्यानंच निरोप दिला.

त्या डाव्या हाताचं सांगायलाच पाहिजे. मी आठ वर्षं ते सांगायचं टाळलंय.

आमच्याकडच्या जुन्या बायांच्या हातावर, कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतंच. मायच्याही आहे. पण आम्ही लहान असताना वडवणीच्या बाजारात बॅटरीवरचं मशीन घेऊन एक गोंदणारा बसायचा, त्याच्याकडून तिनं डाव्या हातावर आम्हा दोघांची नावं काढून घेतली. वर शेवंता, खाली बाळू. तिला स्वतःला लिहितावाचता येत नाही. भांडी घासताना ती त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि अक्काला म्हणायची, "मेल्यावर डागडागिने काढून घेतेत लोकं. गोंदण कोनी काढून घेत न्हाई." ते तिच्याबरोबर देवाच्या दारापर्यंत जातं, असं तिचं पक्कं मत होतं.

अक्का गेली आणि चौथ्या दिवशी सकाळी आबा मला म्हणाले, दुकानातून बिब्बे आण. बिब्बा आम्ही टाचेच्या भेगांना लावतो. पण त्याचं तेल जरा जास्त लागलं की कातडी भाजून निघते, फोड येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला वाटलं आबांच्या टाचा फुटल्यात, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. आबांचं तोंड बघूनच मला कळलं होतं. तरी गेलो आणि मूठभर बिब्बे आणून त्यांच्यापुढं ठेवले.

आबांनी हात लावला नाही. त्यांनी मायला सांगितलं आणि उंबऱ्यात पाठ करून बसले. मायनं बिब्ब्यात सुई खुपसली, तो दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल वरच्या नावावर एकेका अक्षरावरून फिरवलं. ओरडली नाही. मला म्हणाली, "बाळू, तू भाईर जा." मी गेलो. म्हणजे थांबवणं तर सोडाच, मी तिच्याजवळ बसलोसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. फोड पसरत खाली आला आणि माझं नावही अर्धं गेलं. महिनाभर जखम वाहत होती. विचारणाऱ्यांना आबा सांगायचे, उकळतं दूध सांडलं.

असं घर सोडून मी पुण्याला आलो आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. चाकणला कंपनीत लागलो, शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीन, रूमवर पाच जण. रूमवरच्या पोरांना टॅटूचं भारी वेड. कुणाच्या छातीवर आई, कुणाच्या दंडावर वाघ, कुणाच्या मानेवर पोरीच्या नावाचं पहिलं अक्षर. गावात ज्याला गोंदण म्हणून नाकं मुरडायची, त्यालाच इथं एसी पार्लरमध्ये अपॉइंटमेंट घेऊन जायचं. एकदा एका दोस्ताबरोबर गेलो तर भिंतीवर पाटी होती, नको असलेला टॅटू लेझरने काढून मिळेल, डाग राहणार नाही. ती पाटी वाचून मी बाहेर येऊन फुटपाथवर बसलो. दोस्ताला वाटलं सुई बघून पोरगं घाबरलं. लई दिवस चिडवत होता.

मग मलाच तिचं नाव काढून घ्यावंसं वाटायला लागलं. मायच्या हातावरनं गेलं ते निदान माझ्या हातावर यावं. पण मराठीत काढलं तर गावाकडं काय तोंड दाखवणार? पार्लरवाल्याकडं चिनी अक्षरांचा आल्बम होता. शक्ती, नशीब, प्रेम, ड्रॅगन. पानं उलटता उलटता माझ्या डोक्यात आलं की हेच बरं. नाव हातावरही राहील आणि आबांना कळणारही नाही. माझा एक रूममेट युसूफ वडगाव या आमच्याकडच्याच गावचा, तो म्हणाला, "आरं, बहिणीचंच काढायचं तर मराठीत काढ की. चिनी कामून?" मी म्हणालो फॅशन आहे. काय बोलणार दुसरं!

आल्बमवर माझा भरवसा नव्हता. त्याच सुमारास आमच्या कंपनीत चीनहून मशीन आलं होतं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर. आमचं बोलणं मोबाइलच्या ॲपमधून चालायचं. मी त्याला शेवंतीच्या फुलाचा फोटो दाखवला आणि म्हणालो, याला तुमच्यात काय म्हणतात ते एका अक्षरात लिहून दे. त्यानं कागदावर सावकाश, एकेक रेघ जपून लिहिलं. कशाला पाहिजे विचारलं. हातावर काढायला, म्हणालो. तो फोनमध्ये काहीतरी बोलला. ॲपनं मराठी करून सांगितलं की आमच्याकडे हे फूल थडग्यावर वाहतात, नीट विचार करा. मी म्हणालो चालेल. आमच्या घरात ती मेलेलीच होती.

दिवाळीला गावी गेलो. आबांनी हात धरून बघितलं आणि हे काय कोरून आणलंस म्हणाले. मी सांगितलं, चिनी आहे, शांती असा अर्थ आहे. गड्यानं गोंदून घेऊ नये, हे बायकांचं काम, असं थोडं पुटपुटले. पण संध्याकाळी पारावर मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि बाही वर करायला लावली. कंपनीतल्या चिनी सायबानं स्वतः लिहून दिलंय म्हणाले. माझ्या हातावरचं आपल्या पोरीचं नाव आबा चार माणसांना कौतुकानं दाखवत होते आणि मी दात काढून हसत होतो. मायनं फक्त त्यावर बोट ठेवलं आणि "लई दुखलं का रं?" विचारलं. मी नाही म्हणालो. तिलासुद्धा खरं सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात अक्काचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. चिंचवडला दोन खोल्यांत राहते, पॅकिंगच्या कामाला जाते, पोरगी सहा वर्षांची झालीय. रविवारी गेलो. दार उघडताच ती पोरगी मामा म्हणाली. तिला कुणीतरी माझा फोटो दाखवून ठेवला असणार. अक्कानं धपाटे केले होते, अगदी मायसारखे. मी जेवता जेवता बाही वर केली आणि सांगितलं, हे तुझं नाव आहे. मला वाटलं ती रडेल. खोटं कशाला बोलू, तिनं रडावं म्हणूनच दाखवलं होतं.

तिनं माझा हात उजेडाकडं वळवून बराच वेळ बघितला.

"मला वाचता येत न्हाई हे, बाळू."

"कोनालाच येत न्हाई," मी म्हणालो.

"म्हनूनच असं काढलंस न्हवं?"

रागानं नाही म्हणाली. ताटात अजून एक धपाटं वाढलं आणि मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मायच्या हातावर हाय न्हवं माजं नाव, साध्या अक्षरात? इतकी वर्सं तेवढ्यावर काढली मी. ती भांडी घासती तवा तिला मी दिसत असन."

मी म्हणालो, हाय.

निघताना तिनं सांगितलं, आबा नसताना मायच्या हाताचा एक फोटो काढ आणि पाठव. पाठवतो म्हणालो. तेव्हापासून तिचे चार मेसेज आलेत. शेवटच्यात नुसतं लिहिलंय, गावाकडं गेलतास का?

पुण्यात कुणी घर कुठलं विचारलं की मी पटकन नेकनूर सांगतो. पण खरं तर मला आता जायला दोन घरं आहेत आणि दोन्हीकडं मी खोटं बोलून जेवलोय. एका घरी बाप खूश आहे, कारण त्याला काही माहीत नाही. दुसऱ्या घरी बहीण खूश आहे, तीही त्याचसाठी. यातलं एक तरी घर खरं बोलून माझं व्हावं, नाहीतर तुटून जावं, असं मला वाटतं. आबांसमोर उभं राहायची हिंमत आजही माझ्यात नाही. म्हणून आधी तुला.

अक्का, फोटो येणार नाही. मायच्या हातावर तुझं नाव राहिलेलं नाही, नुसता चट्टा आहे. आबांनी करायला लावलं, तिनं स्वतःच्या हातानं केलं आणि बिब्बे मी आणून दिले. हे मराठीत लिहिलंय, तुला वाचता येईल असं.