तपासणीआधी बदललेलं तेल

टेबलावरच्या छोट्या बाटलीतलं तेल मधासारखं दिसत होतं. डिझेल इंजिनातलं तेल तर लगेच काळं पडतं. ते काळं तेलच प्रयोगशाळेत पाठवायचं असतं, कारण त्यात सापडणाऱ्या धातूच्या कणांवरून कळतं, ट्रकचं इंजिन आतून किती झिजलंय.

“बबनराव, हे कुठलं तेल?”

“आपल्याच गाडीचं, ताई,” आमचे ड्रायव्हर म्हणाले. “तपासायला जाणार म्हणून सकाळी जुनं काढलं, नवं भरलं. लोकांकडे घाण कशी पाठवायची?”

मला हसू आलं आणि अर्ध्यातच अडकलं. परवा मी इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, “झोप लागते?” मी म्हणाले, “छान लागते.” खरं तर झोप लागत नाही म्हणूनच गेले होते. मग असं का म्हणाले? कुणासाठी? अजून उलगडत नाही.

बबनराव बाटली घेऊन उभेच होते. “जुनं डब्यात ओतून ठेवलंय. तेच आणू?”

“आणा,” मी म्हणाले.

माझं जुनं मी कुठल्या डब्यात ओतून ठेवलंय, ते मात्र आठवेना.