फोनेटिकचा अर्थ

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकात मी शिरड शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. नववीत तांड्यावरची सविता होती. त्याच वर्षी तिची आई तापाने गेलेली. एकदा मी वर्गात सांगितलं — जसा उच्चार तसं लिहिणं, त्याला फोनेटिक म्हणतात. तिने विचारलं, "मंग सर, ह्यो शब्दच काहून तसा लिहीत न्हाईत? एफ सोडून पी-एच कुठून आलं?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय जात होतं? पण पोरं हसली, आणि मी म्हणालो, "ग्रीक शब्द आहे. मेलेल्या माणसाचा आवाज, असा अर्थ. फार खोदशील तर तो ओ देईल."

पोरं आणखी हसली. ती नाही.

मग मधल्या सुट्टीत ती रिकाम्या वर्गात बसू लागली. मी दाराआडून पाहिलं. "फोनेटिक" म्हणायची, आणि गप्प — मान तिरपी, पलीकडून कुणी बोलत असावं तशी. पुन्हा तोच शब्द. मी पावलं न वाजवता मागे फिरलो. एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, याडी बोलली." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

तेव्हा तरी सांगायचं होतं ना?

तिचा बाप शाळेत आला. "पोरगी एकटीच बोलून राहिली, सर. इथं काही झालं का?" मी म्हणालो, "नाही." बाहेरचं लागलं म्हणून त्याने तिची शाळा सोडवली, लग्न लावून टाकलं.

पुढे मोठ्या शब्दकोशात मूळ सापडलं. ग्रीक 'फोने' — आवाज. नुसता आवाज. 'मेलेल्याचा' ही माझी भर.

बऱ्याच वर्षांनी ती जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भेटली. पाया पडली. "तुमी त्यो शब्द दिला म्हणून जगले, सर," म्हणाली. "पण याडी आता बोलावून राहिली." ती हसत होती. आणि मी? तब्येत सांभाळ म्हणालो, निघालो.

त्याच उन्हाळ्यात ती दुपारची घरातून निघाली, ती सापडलीच नाही. विहिरींत गळ टाकले, नातेवाइकांकडे माणसं गेली. काही नाही.

तिच्या पोरीला आजोबाने तांड्यावर आणलं. ती माझ्याच वर्गात आली. दोन वर्षं मी तिला शिकवलं, रोज तिची हजेरी घेतली — आणि तिची आई कशामुळे गेली, हे तिलाही सांगितलं नाही.