लिनमिस्त्रीची चिनी तालीम

एंजिनाखालची राख रोज उपसावी आणि रोज साचावी, तसे आमच्या चिनी तालमीचे किस्से! एक सांगून होतोय तोवर दुसरा आठवतो.

मी तेव्हा कर्जतला होतो, गाड्या घाटावर ढकलणाऱ्या एंजिनावर फायरमन. आमच्या शेडमध्ये लिन नावाचा एक म्हातारा चिनी सुतार होता, मुंबईच्या गोदीतून आलेला. संध्याकाळी शेडमागच्या चिंचेखाली तो एकटाच हातपाय हलवत असायचा. त्याची ती चिनी मुष्टिविद्या! हळूहळू आम्ही त्याच्यामागे उभे राहायला लागलो. नव्या माणसाला तो विचारायचा, "क्यों सीखना?"

अन् उत्तरं ऐकून आम्ही गार व्हायचो!

*

पहिला आला दगडू पैलवान. कुंभिवलीचा, शेडमध्येच ओझी उचलणारा खलाशी. "ह्या काडीकडनं काय शिकायचं?" म्हणत त्यानं मिस्त्रीचा दंड धरला. डोळ्याचं पातं लवतंय तोवर पैलवान धुळीत बसलेला! आम्ही आ वासून उभे.

"क्यों सीखना?" मिस्त्रीनं विचारलं.

"मी पडलो कसा, येवढं कळंस्तवर तरी शिकव!"

*

माझं कारण साधं. फोरमन उठता-बसता आईवरनं शिव्या द्यायचा. मी मिस्त्रीला म्हटलं, "मला त्याच्या थोबाडात हाणायची हाय!"

"अच्छा. वो सुबह आता."

"कोन?"

"फोरमन. वो भी सीखता. बोला, तुमको मारना है!"

*

शेलूच्या भिकू दूधवाल्याला कुणीतरी सांगितलं, चिनी माणसं ही विद्या शिकून हवेत उडतात. दोन धडे झाले न झाले, तोच गडी गोठ्याच्या छपरावर चढला अन् उडाला!

पायाला कामट्या बांधून, भावाच्या खांद्यावर हात टाकून तो परत आला. "मिस्त्री, आता पडायला शिकीव."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "पहला वोही सीखना था!"

*

एकदा चक्क तिकीटबाबू आले. कडक माणूस, कुणाशी हसणं नाही की बोलणं नाही. आम्हाला वाटलं, आवाज फार होतो म्हणून दरडावायला आले असतील.

"क्यों सीखना?"

"घरी जाववत नाही हो," बाबू म्हणाले. "मुलगी तापानं गेली, वर्ष झालं. दारात तिचा आवाज येतो."

वर्षभर याच माणसाकडून आम्ही पास घेत होतो, आणि कुणाला काही ठाऊक नव्हतं! मिस्त्रीनं त्यांना हात शिकवलेच नाहीत. दोन्ही पाय जमिनीत रोवून उभं केलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. बाबूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय हलले नाहीत.

*

अन् मंजी! ठाकरवाडीची बाई, बाजारात लाकडाची मोळी विकणारी. एका संध्याकाळी मोळी उतरवून आमच्या रांगेत येऊन उभी राहिली. दगडू फिसकन हसला.

"क्यों सीखना?"

"मोळी डोईवर असली का दोनी हात वर ऱ्हात्यात," मंजी म्हणाली. "मंग ज्याला जे करायचं ते करतो."

दगडूनं सरकून तिला जागा दिली.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बाजार भरलेला. मी आणि मिस्त्री भाजी घेत होतो. जंगलखात्याच्या शिपायानं मंजीला अडवलं, लाकडाचा पास विचारला, अन् विचारता विचारता तिच्या कमरेला हात घातला.

पुढं काय झालं ते मला नीट दिसलंच नाही. शिपाई गुडघ्यावर! त्याचं मनगट मंजीच्या एका हातात, दुसरा हात वर मोळीला. अन् मोळी तशीच डोक्यावर, एक काटकी खाली पडली नव्हती!

शिपाई कळवळला, "सोड गं बाय, सोड!"

मिस्त्री गर्दीतून पुढं झाला. मला वाटलं, आता तो मध्ये पडणार. त्यानं मंजीला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं अन् कडाडला,

"मंजी! कोहनी नीचे!"

मंजीनं कोपर खाली घेतलं.

"आई गंऽऽऽ!"