लांडग्यांचा पत्ता राखणारे अप्पा

शरणप्पा सरांना, म्हणजे आम्हा सर्वांच्या अप्पांना, मी पहिल्यांदा पाहिलं ते बसवकल्याणच्या कॉलेजात. प्राणिशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "गावाबाहेरच्या माळावर काय हाय, सांगा बघू." मागून कुणीतरी म्हणालं, "काय न्हाई सर, पडीक हाय." सर खडू ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला त्या पडीक माळावर दिवसभर चालवलं. खोकड, चंडोल, काळवीट आणि लांडग्याच्या पावलांचे ठसे पाहून आम्ही पाय ओढत परतलो. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे, आणि त्यांना थोडी घाबरतेही.

आमच्या बौद्ध वस्तीतली हा विषय शिकणारी मी पहिलीच मुलगी. परपुरुषासोबत माळावर हिंडायचं म्हणताच वडील कॉलेजात भांडायला आले. अप्पा म्हणाले, "व्हय, बरोबर हाय तुमचं. मग तुम्हीबी चला की." पुढची दोन वर्षं वडील डबा घेऊन आमच्या मागून चालत राहिले. पुढेपुढे लांडग्याचा माग माझ्याआधी त्यांनाच दिसू लागला, याचं अप्पांना कोण कौतुक! वडील गेले तेव्हा अप्पा दिवसभर आमच्या दारात बसून होते.

अप्पांच्या कामाविषयी लिहायचं तर त्यांची चूकही लिहायला हवी. तसं त्यांनीच मला बजावलं आहे. नोकरी नवी असताना एका ओढ्याच्या काठी त्यांना लांडग्यांचं बीळ सापडलं. नर, मादी आणि पाच पिल्लं. आनंदाच्या भरात बसस्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी एका धनगर मित्राला ओढ्याचं नाव सांगून कानडीत म्हटलं, "अल्लि एळु तोळ अदाव." तिथे सात लांडगे आहेत. शेजारच्या बाकावरच्यांना आपल्या सीमाभागातल्या पुष्कळांसारखी अर्धीच कानडी येत होती. 'एळु' म्हणजे सात, हे त्यांना कळलं. 'तोळ' म्हणजे लांडगा, हे कळलं नाही. त्यांनी ऐकलं सात तोळे! पुरलेल्या धनाच्या गोष्टी आपल्या भागात काय कमी आहेत? चार दिवसांनी अप्पा गेले तर बीळ पहारीनं खणलेलं आणि पिल्लं ढिगाऱ्याखाली. "आईचं वरडणं म्या ऐकलं," एवढंच ते सांगतात.

तेव्हापासून अप्पांनी बिळाची जागा कुणालाही सांगितली नाही. पिल्लांचं वय, त्यांचं खाणं, सगळं नोंदवहीत. ठिकाणाच्या रकान्यात मात्र फक्त 'तिथं'. परिसंवादांत लोक हसले, निबंध परत आले, सोबती एकेक करून दुरावले. लांडग्यानं कोकरू नेलं की धनगराकडे हात जोडायला अप्पा एकटेच जात. मीही रुसले होते. इतकी वर्षं सोबत चालून माझ्यावरही विश्वास नाही? ते म्हणाले, "इश्वास हाय गं. पर सांगितलं की तुलाबी जन्मभर गप बसावं लागतंय. लई एकटं वाटतंय त्यात. कामून मागायलीस?"

यंदा अप्पांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आणि गुडघ्यांनी दगा दिला. आता बिळांवर नजर कोण ठेवणार, ही काळजी त्यांना झोपू देईना. या थंडीत, मी आता राहते त्या गुलबर्ग्याला मला निरोप आला, "ये." माझ्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत ते मला घेऊन गेले. दूर झुडपाआड बसून आम्ही पाहिलं. चार पिल्लं उन्हात एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. मला रडूच आलं. अप्पा मात्र पिल्लांकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. हळूच म्हणाले, "माफ कर गं."

माफी कशाची, ते मला घरी आल्यावर कळलं. नवऱ्याला सांगावंसं वाटलं, मुलांना सांगावंसं वाटलं. ताटं वाढली आणि गप्प बसले. ते ठिकाण मी अप्पांच्या या गौरवग्रंथातही लिहिणार नाही, संपादकांनी आग्रह धरू नये.

अप्पा, बाकीचे सगळे तुमच्यासाठी तुम्हाला दीर्घायुष्य चिंततील. मी मात्र स्वार्थानं मागते आहे. तुमचे गुडघे बरे होवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, शंभरी गाठा. ती जागा ठाऊक असलेली माणसं आज दोन आहेत. मला एवढ्यात एकटं राहायचं नाही.