सिस्टरचा राउंड

बाभळीला अडकलेल्या कापसाला मी एकदा कापशी समजलो आणि भर मलकापूर रस्त्यावर हात आडवा करून सगळ्या मंडळींना जागच्या जागी उभं केलं. कापशी म्हणजे ती पांढरी, लहानशी घार. खांद्यावर काळा डाग असतो आणि उडता उडता ती आभाळात एका जागी थांबते. कापूस म्हणजे कापूस. दसरा झाला की आमच्याकडून मलकापूरच्या जिनिंग कारखान्यांकडे कापसाचे टेम्पो निघतात आणि रस्त्याकडेची प्रत्येक बाभूळ त्यातला थोडा थोडा ओरबाडून घेते. बुलढाण्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी तर साड्यांचा दुकानदार.

सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि माझ्या कापशीचा अर्धा भाग सुटून शेजारच्या फांदीवर जाऊन बसला.

"श्वास पाह्यला होता का त्याचा?" सिस्टरनी विचारलं.

"नाही."

"मंग नाव काऊन सांगतलं?"

सिस्टर म्हणजे आमच्या गावच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या स्टाफ नर्स. त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण ती पाटी पोस्टमनशिवाय कोणी वाचली नसावी. ‘आधी श्वास पाहाचा, मंग नाव इचाराचं’ हा त्यांचा वॉर्डातला नियम. निवृत्तीनंतर त्यांनी तो झाडाझुडपांना लावला. फांदीवर काही दिसलं की आधी बघायचं, हलतं का, मान वळवतं का, पिसं फुगवतं का. नावाची घाई नाही. मला नावाचीच घाई असे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखायची धंद्यातली खोड. ती दुकानात चालते, बाभळीत चालत नाही.

दरवर्षी कोजागिरीनंतरच्या रविवारी सिस्टर आम्हा चार-सहा जणांना घेऊन गावाभोवती पायी फिरत. याला त्या राउंड म्हणत. सकाळी तळ्यावर जमायचं, तिथून गिट्टीच्या जुन्या खदानीवर, मग शेतांच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांवरून, मलकापूर रस्त्याला लागायचं आणि घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन परतायचं. कोणी "नमस्कार सिस्टर" म्हटलं की त्या "जय भीम" म्हणत आणि पुढच्याच श्वासात "आता बोलणं बंद." वॉर्डात नातेवाइकांना गप्प करायची सवय हातात मुरलेली. नुसता पंजा वर केला तरी वानखडे मास्तरांसारखा गप्पिष्ट माणूस वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचा. हे मास्तर म्हणजे आमच्यातले फोटोवाले. पक्षी उडून गेल्यावर रिकाम्या फांदीचा उत्तम फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही.

पुस्तकातली नावं सिस्टरना फारशी यायची नाहीत आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. त्यांची नावं वॉर्डातली. टिटवीला त्या ‘नातेवाईक’ म्हणत, कारण पेशंटला काही झालेलं नसताना तीच आधी ओरडते. शेपटी वरखाली करत तळ्याकाठी लगबगीनं धावणारा परीट हा ‘कंपाउंडर’. तारेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारणारा काळा कोतवाल म्हणजे ‘मेट्रन’. आणि कापशी? तिला त्यांनी टोपणनाव ठेवलं नव्हतं. आयुष्यभर पांढरी सुती साडी नेसलेल्या बाईनं त्या पांढऱ्या पक्ष्याला कापशीच म्हटलं. त्या साड्या माझ्याच दुकानातल्या, हे इथं सांगून ठेवतो.

माझी भाषा अर्थातच साड्यांची. नीलपंख बसलेला असताना मळकट दिसतो आणि उडाला की पंखांत निळाईचा भडका होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ओरडलो, "सिस्टर, घडी उघडल्याशिवाय कळत नाही माल!" त्या मनापासून हसल्या. मग माझ्या शर्टाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. दुकानात अंगावर पडलेल्या झगझगीत पोपटी कापडाचा एक शर्ट मी त्या दिवशी कौतुकानं घालून गेलो होतो. "दुकानदार, तू पाखरं पाहाले आला का पाखरायले दिसाले आला?" त्या म्हणाल्या. पुढच्या राउंडपासून मी मातकट रंगात.

म्हणूनच गेल्या कोजागिरीनंतर त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"तो पोपटी शर्ट हाये का अजून?"

"आहे ना. पण तुम्हीच तर..."

"तो घालून ये. अन् माह्या समोर चाल."

तळ्यावर त्यांनी सगळ्यांना एकदाच सांगितलं, ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला सांगावं तसं. "काचबिंदू हाये. नळीतून पाह्यल्यासारखं समोरचं दिसते, बाजूचं दिसत नाही. गेलेलं वापस येत नसते. थेंब टाकाचे अन् उरलेलं सांभाळाचं. बुधवारी पोरगी पुण्याले नेऊन राह्यली. तिथं बाराव्या मजल्यावर घर हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मले शोधता येत नाही आता. तू दाखवून दे, पाहाचं काम मी करीन. मले फक्त एकदा कापशी थांबलेली पाहाची हाये. बाकीचं काही दिसो न दिसो."

आणि हे काम त्यांनी मला सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून आठवते.

त्या दिवशी सगळी पाखरं माझा शर्ट पाहून आधीच गाव सोडत होती. तळ्यावर कंपाउंडर दिसला. सिस्टरचं डोकं दोन्ही हातांनी धरून मी त्यांना नेमक्या दिशेला वळवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हाव, आला ड्यूटीवर." खदानीत नातेवाईक ओरडल्या. तिथंच सावलीला बसून सिस्टरनी आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. कापशी मात्र कुठंच नव्हती. सोयाबीन निघून गेलेल्या उघड्या वावरांवर मी बघून बघून डोळे शिणवले. सिस्टर विचारत नव्हत्या, त्यामुळे जास्तच जड जात होतं.

ऊन तापलं तेव्हा आम्ही मलकापूर रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंच्या बाभळी कापसानं पांढऱ्या झाल्या होत्या. घाटाच्या अलीकडे एका बाभळीच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी दिसलं. माझा हात आडवा व्हायला निघाला. पण लगेच तो जुना कापूस आठवला, मास्तरांचं हसणं आठवलं, आणि वाटलं, आज या बाईला खोटी आशा दाखवायची नाही.

माझं थबकणं सिस्टरना कळलं. "काय हाये?"

"कापूस हाये, सिस्टर."

"नीट पाह्य."

"कापूसच हाये. मी सांगतो ना!"

त्यांनी मान हलवली आणि माझ्या शर्टामागं चालू लागल्या. विश्वास ठेवला बाईनं! आम्ही पंधरा-वीस पावलं गेलो असू, मागून मास्तर ओरडले, "अबे, कापूस उडाला!"

वळून पाहिलं तर बाभळीचा शेंडा रिकामा. रस्त्यापलीकडच्या तुरीवर पांढरं काहीतरी झेपावलं आणि पिकात दिसेनासं झालं. मी तिथंच उभा राहिलो. ऑक्टोबरचं ऊन होतंच. घाम त्याचा नव्हता.

सिस्टर रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसल्या आणि छत्री उघडली. कोणी "चला आता" म्हणायची हिंमत केली नाही. टेम्पो गेले, एसटी गेली, आमच्या अंगावर धूळ बसली. ऊन वाढलं तशी त्यांची छत्री कलत होती, तरी तुरीकडची नजर हलली नाही. मी मनातल्या मनात त्या पाखराला दुकानातली हवी ती साडी देऊ केली.

आणि ती वर आली. तुरीच्या वर, आभाळात, एका जागी पंख फडफडवत थांबली. मी धावत सिस्टरच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो, त्यांचं डोकं धरलं, वर उचललं, थोडं डावीकडे. माझ्या तोंडून आपोआप दुकान सुरू झालं: "पांढरी शुभ्र, सिस्टर. वरून राखाडी झाक. खांद्याला काळा काठ. पाय खाली सोडलेत..."

"चूप," त्या म्हणाल्या. "दिसून राह्यली मले."

ती थांबली तोवर त्या बघत राहिल्या. माझ्या हातांखाली त्यांचं कपाळ जरासुद्धा हललं नाही. मग कापशी सरळ खाली पडल्यासारखी तुरीत गेली. सिस्टरनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "झाला राउंड." वाटेत त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला वाटलं, आनंदात विसरल्या.

बुधवारी सकाळी त्यांच्या गल्लीत गाडी उभी होती. शेजारपाजारच्या बाया, जुन्या वॉर्डातल्या दोन नर्स, मास्तर, सगळे जमलेले. मी दुकानातली सगळ्यात चांगली पांढरी सुती साडी नेली होती. सिस्टर गाडीत बसल्यावर ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी घडी थोडी उलगडली, पदर बोटांत धरून चोळला, गालाला लावला. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही येऊ घातले होते. मग त्यांनी घडी नीट मिटली, शेजारी बसलेल्या मुलीकडे दिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या,

"पुण्यात कोण्या दुसऱ्या दुकानदाराले दाखवून घेजो व माय. याले कापूस ओळखता येत नाही."