नोबुएचा लाल शिक्का

नोबुए कुदो एकदा कुणाच्या मागे लागली की ते काम झालंच म्हणून समजावं. जपानातल्या हिरोसाकीजवळच्या त्या सफरचंदवाल्यांच्या आळीत तिनं नवऱ्याची सिगारेट सोडवली, समोरच्या घोडनवऱ्याचं लग्न जुळवलं आणि देवळाच्या पुजाऱ्याला हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. अशा बाईनं जन्मात एकदाच तोंड आवरलं, आणि आळी आज तिचं कौतुक करते ते त्याच गोष्टीसाठी.

शेजारची तोकिको तिची जिवाभावाची मैत्रीण. तोकिकोनं हयातभर शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण रांधलं. निवृत्त झाल्यावर एकदा सफरचंदं पुसता पुसता म्हणाली, "नोबुए, त्या स्वयंपाकघराचं काहीतरी लिहावंसं वाटतं गं." तिच्या मुलाच्या कानावर हे गेलं. तो टोकियोहून भारीतलं पेन घेऊन आला आणि रोज फोन करून विचारू लागला, "आई, किती पानं झाली?" महिन्याभरात पेन खणात गेलं आणि लिहिणं बंद पडलं. नोबुएनं ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं, या बाबतीत आपण मुकं राहायचं.

त्या वर्षी आळीच्या प्रमुखाची पाळी तोकिकोची होती. नगरपालिकेच्या सूचना फळीला चिमट्यानं लावून ती फळी घरोघर फिरवायची. प्रत्येकानं वाचून आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची, शेवटच्यानं प्रमुखाकडे परत आणायची. तोकिकोनंतरचं घर नोबुएचं. एकदा तिनं पाटाच्या सफाईची सूचना उलटली, तर खाली तोकिकोच्या अक्षरातला कागद. टेबलावरून चुकून चिमट्यात अडकलेला.

"वाटाण्याचा भात असला की ताटांच्या कडेला हिरवी रांग परत येई. ते वाटाणे मी सासूबाईंच्या कोंबड्यांना घाली. वाटे, चला, माझ्या हातचं कुणीतरी आवडीनं खातंय."

नोबुए उभ्या उभ्या हसली आणि मग डोळे पुसत बसली. कागद तसाच पुढे गेला असता तर आळीभर वाहवा झाली असती, आणि तोकिकोनं पुन्हा कधी पेन हातात धरलं नसतं. धावत जाऊन "काय सुंदर लिहितेस गं!" म्हणायला नोबुएची जीभ नुसती वळवळत होती. पण तिनं कागद काढून घेतला, कोपऱ्यात आपला शिक्का मारला आणि घडी करून तोकिकोच्या पत्रपेटीत टाकला. वाचलं, एवढंच त्यातून कळावं.

आठवडाभर तोकिको नजर चुकवत होती. नोबुए मुळ्याच्या लोणच्याखेरीज काही बोलली नाही. पुढच्या फळीवर सूचनेखाली पुन्हा कागद आला, आणि या खेपेला कोपऱ्यात शिक्क्यापुरता एक चौकोन आखलेला होता. असं हिवाळाभर चाललं.

"अगं, बोल की तिला काहीतरी. फुटशील एक दिवस," नवरा म्हणाला.

"तुम्ही सूप प्या गुपचूप."

बर्फ वितळू लागलं तेव्हा वाटाण्यांपासूनचं सारं स्वच्छ उतरवून काढलेला गठ्ठाच फळीला लावून आला. वर आळीतल्या सगळ्या घरांचे चौकोन होते, नावांसकट. नोबुएनं ते दोनदा पाहिलं. शिक्का तिरका पडला. फळी पुढच्या घरी देताना "नीट वाचा हं" एवढंही ती म्हणाली नाही.

फळी परत आली तेव्हा नोबुए तोकिकोकडेच चहा घेत होती. शेवटच्या घरचे ससामोरी, निवृत्त पोस्टमास्तर आणि आळीतले एक नंबरचे खडूस, स्वतः घेऊन आले होते. एकूण एक चौकोन लाल झाला होता.

"हे अर्धवट आहे," ते दारातूनच गुरगुरले. "पुढचं कुठाय?"

"लिहीन हळूहळू," तोकिको म्हणाली.

"हळूहळू? माझं वय बघा! ते वाटाणे टाकणारं कार्टं माझंच होतं. लवकर लिहा."

"ससामोरीसान, मागे लागू नका हो तिच्या!" नोबुए कडाडली.

तोकिको खळखळून हसली. "लागू देत गं त्यांना. आता कुणीही लागलं तरी चालतं. तू लागली नाहीस ना, म्हणून."

नोबुएचा ऊर अभिमानानं भरून आला. मैत्रिणीचा अभिमान, आणि थोडासा स्वतःचाही. काही बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

ससामोरी तिच्याकडे बघतच राहिले. मग तोकिकोला म्हणाले, "ही बाई गप्प बसली. हे आधी लिहून ठेवा."